शर्मन कॉलेजात गेला नाही, मग मी का जाऊ?

प्रिय मित्रा,

वडील गेल्यावर चपलांचं दुकान तुझ्यावर आलं. बी.ए.चं दुसरं वर्ष चालू आहे, पण कॉलेज सोडून थेट राजकारणात उतरायचं तुझ्या मनात आहे. तू विचारलंयस, 'जोडे शिवणारा रॉजर शर्मन कॉलेजची पायरी न चढता अमेरिकेच्या पहिल्या काँग्रेसमध्ये पोहोचला, मग मी पदवी कशाला घेऊ?'

माणूस तू फार चांगला निवडलास. पण त्याची मधली वर्षं तू गाळलीस, आणि तुझ्या कामाची आहेत ती तीच.

१७४१ मध्ये वडील वारले तेव्हा शर्मन विशीच्या उंबरठ्यावर होता, म्हणजे तुझ्याच वयाचा. घरात धाकटी भावंडं. दोन वर्षांनी कुटुंब मॅसॅच्युसेट्समधून कनेक्टिकटमधल्या न्यू मिलफर्डला आलं. गणित त्याने पुस्तकांतून आणि गावच्या धर्मगुरूंच्या मदतीने पक्कं केलं होतं. त्या जोरावर १७४५ मध्ये तो काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा, भूमापक झाला. जमीन मोजणारा माणूस हद्दीच्या भांडणांपासून लांब कसा राहील? खरेदीखतं, वारसाहक्क, दावे हे सगळं वाचावंच लागलं. त्यातून कायदा शिकत १७५४ मध्ये त्याने वकिलीची सनद मिळवली आणि पुढच्याच वर्षी वसाहतीच्या विधिमंडळात बसला. याच काळात ग्रहताऱ्यांची गणितं स्वतः करून तो पंचांगंही छापत होता!

म्हणजे कॉलेज नसलं तरी त्या काळी जी परीक्षा द्यावी लागे, ती त्याने चुकवली नाही. तेव्हा कायदा वाचून, तयारी दाखवून सनद मिळे. आज आपल्याकडे एलएलबीशिवाय ती मिळत नाही, आणि तीन वर्षांच्या एलएलबीला आधी पदवी लागते. निवडणूक लढवायला पदवीची अट नाही, हे खरं. पण सभागृहात बसून करायचं काय?

फिलाडेल्फियात १७८७ मध्ये राज्यघटना घडत होती तेव्हा शर्मन ६६ वर्षांचा होता. मोठ्या राज्यांना लोकसंख्येप्रमाणे जागा हव्या होत्या, छोट्यांना समान. ११ जूनला त्याने सुचवलं, एका सभागृहात लोकसंख्येप्रमाणे, दुसऱ्यात, म्हणजे सिनेटमध्ये, प्रत्येक राज्याला समान मत. त्या दिवशी ते फेटाळलं गेलं. तो मागे हटला नाही. १६ जुलैला याच धर्तीची तडजोड पाच विरुद्ध चार राज्यांच्या मतांनी मंजूर झाली, एका राज्याची मतं समसमान फुटली. आजही प्रत्येक राज्याचे दोनच सिनेटर असतात, ते त्यामुळे. (आपल्या राज्यसभेत तसं नाही, हे अभ्यासताना ताडून बघ.) दोन्ही बाजू बांधावर उभ्या असताना मधली रेघ कुठे ओढायची, हे त्याने मोजणीच्या कामात शिकून घेतलं असावं, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून दुकान सोडू नकोस, पदवीही सोडू नकोस. दिवसभर गल्ल्यावर बसावं लागत असेल, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. पुरं करता येईल का, याची चौकशी याच महिन्यात कर. आपल्या गावचा सातबारा आणि फेरफार वाचायला तलाठ्याकडून शिकून घे. मतदार म्हणून ग्रामसभेला बसायचा हक्क तुला आहेच. पुढच्या सभेला वही घेऊन जा, कोणता ठराव कशावर अडला ते लिही, आणि मला कळव.