वाचकांचे प्रश्न : शेतापर्यंत पर्यटक कसा पोहोचेल?

प्रश्न : आमची वडिलोपार्जित शेती महूच्या पुढे मानपूरजवळ आहे. थोरले बंधू ती पाहतात, मी नोकरीनिमित्त इंदुरात राहतो. मांडू-महेश्वरला जाणाऱ्या मंडळींनी वाटेत आमच्या शेतावर थांबावे, जेवावे, ताजा माल घ्यावा, अशी इच्छा आहे. एक ओळखीचे गृहस्थ त्यासाठी स्वतंत्र ॲप तयार करून देतो म्हणतात. ते करून घ्यावे का?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ॲपवर तूर्त एक रुपयाही घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. महेश्वरला निघालेले कुटुंब एका जेवणासाठी नवे ॲप मोबाईलमध्ये घेत नाही. ते नकाशा उघडून वाटेत काय आहे एवढेच पाहते. म्हणून आधी गुगलवर व्यवसायाची नोंदणी करावी. ती विनामूल्य असते आणि पडताळणीसाठी बहुधा जागेचा व्हिडिओ मागितला जातो. नकाशावरची खूण गावावर न ठेवता शेताच्या फाटकावर बसवावी, आग्रा-मुंबई रस्ता सोडून गाडी जिथे वळते त्या वळणाचा फोटो जोडावा, आणि पावसात गाडीवाट चिखलाची होत असेल तर तेही लिहून ठेवावे, कारण शेतात रुतलेल्या गाडीची हकीकत गावभर होते.

खरी अडचण हंगामाची आहे. पावसाळ्यात मांडूला गर्दी लोटते, तेव्हा भुट्टे आणि भुट्ट्याचा कीस देता येतो. थंडीत गराडू (तळून खातात तो कंद), हरभऱ्याचा हुळा, गोवऱ्यांवर भाजलेले बाफले (बाटीसारखे कणकेचे गोळे) आणि डाळ. परंतु दसरा-दिवाळीच्या सुट्ट्यांत, म्हणजे पाहुणे मोठ्या संख्येने निघतात नेमके तेव्हा, माळव्यात सोयाबीनची काढणी-मळणी आणि त्यामागोमाग रब्बीच्या पेरणीची धांदल असते. त्या दिवसांत बंधूंना फोन घेणेही जमणार नाही. व्हॉट्सॲप बिझनेसवर पदार्थांची व मालाची दरासह यादी लावता येते, आपोआप जाणारे उत्तर ठेवता येते. ते खाते तुम्ही इंदुरातून सांभाळावे आणि उद्या किती माणसे येणार, एवढेच आदल्या संध्याकाळी बंधूंना कळवावे. काढणीत जेवण बंद ठेवून नुसती मालविक्री चालू ठेवली तरी बिघडत नाही, मात्र ते नकाशावरच्या नोंदीत आधी दिसले पाहिजे.

जेवण विकायचे तर अन्नसुरक्षा नोंदणी घ्यावी. पुढे मुक्कामाची सोय करावीशी वाटल्यास मध्य प्रदेश पर्यटन विभागाच्या फार्म स्टे योजनेत नोंद करावी. परदेशी पाहुणा उतरला तर 24 तासांच्या आत त्याची माहिती सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन भरणे यजमानावर बंधनकारक आहे. आरक्षणाच्या मोठ्या संकेतस्थळांचा विचार तेव्हाच करावा, आणि त्यांचे कमिशन दरात धरूनच करावा.

आगाऊ रक्कम यूपीआयने जरूर घ्यावी, पण एक गोष्ट बंधूंना समक्ष बसून समजावून सांगावी : पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. वीस-पंचवीस जणांचे जेवण सांगून, आगाऊ रक्कम पाठवण्याच्या बहाण्याने कोणी पिन टाकायला किंवा कोड स्कॅन करायला सांगू लागला, तर फोन तिथेच ठेवावा.