सशस्त्र संघर्षानंतर राजकारणावरचा लोकांचा विश्वास परत कसा येतो?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला मिझोरम सर्वांत महत्त्वाचे वाटते. मार्च 1966 मध्ये भारतापासून स्वातंत्र्य मागणाऱ्या मिझो नॅशनल फ्रंटने उठाव केला, ऐझॉलवर भारतीय हवाई दलाचे हल्ले झाले आणि पुढे गावेच्या गावे उठवून लष्करी पहाऱ्यातील वसाहतींत हलवण्यात आली. स्वतःच्या शेतापासून तोडलेल्या माणसाने सरकारवर विश्वास ठेवावा, अशी अपेक्षा करणेही कठीण होते.

30 जून 1986 रोजी केंद्र सरकार आणि मिझो नॅशनल फ्रंट यांच्यात शांतता करार झाला. पण माझ्या मते सहीपेक्षाही मोलाची गोष्ट त्यानंतर घडली. निवडून आलेले काँग्रेसचे मुख्यमंत्री लालथनहॉला यांनी पद सोडले आणि कालपर्यंत भूमिगत चळवळीचे नेते असलेले लालडेंगा मुख्यमंत्री झाले. 1987 ची निवडणूक त्यांनी जिंकली, 1989 ची त्यांचा पक्ष हरला, आणि तरीही कोणी पुन्हा बंदूक घेऊन जंगलात गेले नाही. हा पराभव शांतपणे स्वीकारला जाणे, हीच खरी परीक्षा होती.

चर्चचा वाटाही मोठा आहे. चर्चच्या पुढाकाराने 2006 मध्ये स्थापन झालेला मिझोरम पीपल फोरम निवडणुकीत सर्व पक्षांच्या उमेदवारांना एकाच व्यासपीठावर बसवतो. प्रत्येकाने आपली बाजू तिथेच, शेजारी बसलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर मांडायची असते. सक्तीच्या स्थलांतराची जखम मात्र कराराने पूर्ण भरलेली नाही, आणि त्याबद्दल उर्वरित भारतात फारच कमी बोलले जाते.