ऑक्टोबरमध्ये रतनगड ते हरिश्चंद्रगड सलग चालायचं आहे, पण पावसाचा भरवसा नाही. बेत कसा आखावा?

एक दिवस जादाचा हाताशी ठेवा आणि उघड्यावरची चाल रोज दुपारी एकच्या आत संपवा. मी हा भाग परतीच्या पावसात चाललो आहे. सकाळी लख्ख ऊन असतं म्हणून माणसं रेंगाळतात आणि दुपारी गडगडाट सुरू झाला की नेमकी रतनगडाच्या लोखंडी शिड्यांवर नाहीतर कात्राबाईच्या खिंडीत सापडतात. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत आवाज आला, तर ती साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. शिडी, कडा, एकटं झाड सगळं सोडून खाली उतरा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी वर जाऊ नका.

माघार कुठे घ्यायची तेही निघण्याआधीच ठरवा. वाटेवरच्या रतनवाडी, कुमशेत, पाचनई या तिन्ही गावांना गाडीरस्ता आहे. आभाळ बिघडलं तर कुमशेतलाच मुक्काम वाढवा. पुढे मुळा नदीच्या खोऱ्यातले ओढे लागतात. ते फुगतात झपाट्याने, पण पाऊस थांबला की बहुधा काही तासांत उतरतात. गढूळ पाणी गुडघ्याच्या वर असेल तर पाय घालूच नका, गावातल्या माणसाला विचारून थांबा.

हे सगळं ऑक्टोबरपुरतं. जुलै-ऑगस्टमध्ये ही सलग वाट धरू नका. त्या दिवसांत वाटाड्या घेऊन पाचनईवरून फक्त हरिश्चंद्रगड करा, आणि तोही मुसळधार पावसाचा इशारा नसताना.