दवाखान्यातून रिपोर्ट फुटला, आता दाद कुठे मागायची?

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही, म्हणून बेळगावच्या एका खासगी दवाखान्यात दोन वर्षं उपचार घेतेय. सासरी हे फक्त नवऱ्याला माहीत आहे. गेल्या महिन्यात एक फोन आला. हिंदीत बोलणाऱ्या त्या माणसानं माझं नाव, नवऱ्याचं नाव आणि माझ्या एएमएच (स्त्रीबीजांचा साठा सांगणाऱ्या) तपासणीचा आकडा दशांशासकट वाचून दाखवला. पैसे दिले नाहीत तर रिपोर्ट सासऱ्यांच्या व्हॉट्सॲपवर टाकतो म्हणाला. घाबरून मी आठ हजार पाठवले. दवाखान्यात विचारलं तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "कॉम्प्युटर हॅक झालाय मॅडम, बऱ्याच जणांना फोन येतायत, आम्ही तरी काय करणार?" फोन उचलला ही माझीच चूक. डॉक्टरबाई स्वभावानं चांगल्या आहेत, त्यांच्यावर केस करायला मन होत नाही. तरी रात्र रात्र झोप लागत नाही. काही करता येईल का?

उत्तर : ताई, "माझीच चूक" हे वाक्य आधी खोडून टाका. तुम्ही विश्वासानं तुमची माहिती दवाखान्याच्या हवाली केली होती. ती सांभाळायची जबाबदारी त्यांची होती.

अजून केला नसेल तर आजच 1930 या क्रमांकावर फोन करा. ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. महिना उलटलाय, त्यामुळे आठ हजार परत मिळतील असं मी म्हणत नाही. तक्रार तासाभरात गेली तर बँकेत पैसे अडवता येतात, एवढ्या उशिरा ते कठीण असतं. पण तिथं मिळणारा तक्रार क्रमांक पुढे प्रत्येक ठिकाणी लागेल. फोनमधलं काही पुसू नका, आणि हा हँडसेट वर्षभर तरी बदलू नका. स्क्रीनशॉट पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं.

मग पोलीस. धमकी देऊन पैसे उकळणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 308 खालचा गुन्हा आहे. खानापूर स्टेशनला जा किंवा सायबर गुन्ह्यांच्या सीईएन स्टेशनला. "आमच्या हद्दीत येत नाही" म्हणून परत पाठवता येत नाही, तक्रार घेऊन ती योग्य स्टेशनला पाठवणं त्यांचं काम आहे. आपल्याकडची खरी अडचण मला ठाऊक आहे. तक्रार कन्नडमध्ये लिहिली जाते आणि आपली माणसं न वाचता खाली सही करून येतात. तसं करू नका. लिहिलेलं तक्रारदाराला वाचून दाखवणं नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कलम 173 प्रमाणे बंधनकारक आहे. "सर, ओदि हेळ्री" (वाचून सांगा) असं शांतपणे म्हणा आणि समजेल असा अर्थ सांगायला लावा. "दवाखान्यातून माहिती फुटली" हे वाक्य त्यात आलंय ना, तेवढं नक्की बघा. पुष्कळदा फक्त फोनवरच्या फसवणुकीचं लिहितात आणि दवाखाना अलगद बाहेर राहतो. एफआयआरची प्रत फुकट मिळते. आणखी एक. एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर चढवले जातात, पण संवेदनशील प्रकरणं त्यातून वगळता येतात. तशी लेखी विनंती तिथंच द्या, नाहीतर जे लपवायचं तेच चव्हाट्यावर यायचं.

आता डॉक्टरबाई. केस करायची की नाही हे नंतर ठरवा, पण पत्र आधी द्या. पत्र म्हणजे भांडण नव्हे. स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह, एवढंच लिहा : "माझी कोणती माहिती, कोणत्या तारखेला, कशी बाहेर गेली? कळल्यावर तुम्ही कुणाला कळवलं? पुढे काय खबरदारी घेतली? पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावं." सोबत स्वतःच्या पूर्ण फाइलची प्रत मागा. वैद्यकीय आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे रुग्णानं कागद मागितले की 72 तासांत द्यावे लागतात. उत्तर आलं तर तो तुमचा पुरावा, आणि आलं नाही तर पोचपावती पुरावा.

हॅक झालं म्हणजे दवाखान्याचा दोष नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. गेल्या वर्षी एका अशीलबाईंबरोबर मी रिपोर्ट आणायला एका दवाखान्यात गेले होते. मॉनिटरच्या कडेला पिवळी चिठ्ठी चिकटवलेली, तिच्यावर बॉलपेननं पासवर्ड. दवाखान्याचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. बाकावर बसलेल्या पोरालाही तो वाचता येत होता. तिथंच कंपाउंडर आपल्या स्वतःच्या फोनवरून लोकांना रिपोर्ट पाठवत होता. तुमच्याही डोळ्यांसमोर असं काही आलं असेल तर तारखेसह वहीत लिहून ठेवा. निष्काळजीपणा सिद्ध होतो तो अशाच गोष्टींतून.

नुकसानभरपाईसाठी मी तुम्हाला बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाठवीन. पैसे देऊन घेतलेले उपचार ही ग्राहक सेवा आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्येच ठरवलंय. तुम्ही दवाखान्याला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. वकील लावलाच पाहिजे असं नाही, तक्रार ऑनलाइनही दाखल होते. ग्राहकानं विश्वासानं दिलेली माहिती दुसऱ्याला उघड करणं ही 2019 च्या कायद्यात 'अनुचित व्यापारी प्रथा' आहे. पण दवाखाना म्हणेल, आम्ही उघड केली नाही, चोरानं नेली. म्हणून तक्रारीत 'सेवेतली त्रुटी' हा मुद्दा पहिला घ्या : माहिती नीट राखली नाही, आणि फुटल्यावर तुम्हाला कळवलंही नाही. आठ हजारांबरोबर मनस्तापाची भरपाईही मागा. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे, प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, ती तयारी ठेवा. आणि पत्रव्यवहाराचा पत्ता सासरचा देऊ नका! नोटिशीचं पाकीट पोस्टमन सासूबाईंच्या हातात देईल. नवऱ्याच्या कामाच्या ठिकाणचा किंवा वकिलाचा पत्ता द्या.

दुसरी वाट माहिती तंत्रज्ञान (आयटी) कायद्याच्या कलम 43अ ची. वैद्यकीय नोंदी 2011 च्या नियमांत संवेदनशील माहिती म्हणून धरल्यात आणि एकट्या डॉक्टरचा दवाखानाही या कलमात येतो. दावा बंगळूरला राज्याच्या आयटी सचिवांपुढे चालतो. तेवढ्या फेऱ्या तुम्हाला झेपतील का, हा विचार करा. एकाच नुकसानीची भरपाई दोन्हीकडे मागू नका, कुठलीतरी एक वाट धरा.

भरपाई नको, पण दवाखान्याला जाब विचारला जावा असं वाटत असेल तर डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला अर्ज करा. कर्नाटकात खासगी दवाखान्यांची नोंदणी आणि गाऱ्हाणी बघणाऱ्या जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष डीसी असतात. संविधानाच्या कलम 350 प्रमाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. तेव्हा मूळ अर्ज मराठीत लिहा, काम अडू नये म्हणून इंग्रजी प्रत जोडा. दवाखान्यात आयव्हीएफ होत असेल तर अशा जोडप्यांची माहिती गुप्त ठेवायला 2021 चा वेगळा कायदाही (एआरटी कायदा) बांधील धरतो, त्याचा उल्लेख करा.

नव्या डेटा संरक्षण कायद्यातल्या 250 कोटींच्या दंडाबद्दल बरेच जण विचारतात. तो दंड सरकारी तिजोरीत जातो, रुग्णाच्या हातात त्यातला पैसाही येत नाही. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, पण मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू व्हायच्या आहेत. त्याच वेळी कलम 43अ रद्द होणार आहे. रुग्णाला भरपाई देणारं कलम काढायचं आणि त्याजागी तसं दुसरं काही द्यायचं नाही, हे मला मुळीच पटलेलं नाही.

प्रश्न : आम्ही निपाणीचे. वडिलांचं ऑपरेशन कोल्हापूरच्या खासगी हॉस्पिटलात झालं. घरी आल्याच्या तिसऱ्या दिवसापासून विमा एजंटांचे आणि औषधवाल्यांचे फोन. आजाराचं नावही त्यांना माहीत! केस कोल्हापुरात करायची का?

उत्तर : गरज नाही. 2019 च्या ग्राहक कायद्यात तक्रारदार जिथं राहतो तिथंही तक्रार करता येते, तेव्हा बेळगाव जिल्ह्याचा आयोग तुम्हाला चालेल. सीमाभागातल्या आपल्या लोकांना ही सवलत फार मोलाची आहे, कारण निम्मी माणसं उपचाराला कोल्हापूर-मिरजेला जातात. डॉक्टरांविरुद्ध वैद्यकीय परिषदेकडे जायचं असेल तर मात्र ती महाराष्ट्राची. फोन करणाऱ्याला "माझा नंबर कुणी दिला?" असं विचारा, कॉल रेकॉर्ड करा, तारीख आणि नंबर टिपून ठेवा. तुमच्या प्रकरणात माहिती कुणी चोरली नसून कुणीतरी विकली असावी असा मला संशय आहे. तसं निघालं तर आयटी कायद्याच्या कलम 72अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

प्रश्न : सरकारी दवाखान्यातून माझी माहिती बाहेर गेली. फुकट उपचार होते. मलाही ग्राहक आयोगात जाता येईल?

उत्तर : सगळ्यांनाच उपचार मोफत असतील तर नाही. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. एचआयव्हीबद्दलची माहिती फुटली असेल तर 2017 च्या एचआयव्ही कायद्याचा आधार आहे, तो अर्जात लिहा. काहीच हललं नाही तर उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात रिट (सरकारी यंत्रणेविरुद्धची याचिका) करता येते, आणि वकिलाची फी परवडत नसेल तर आधी जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.