फायलींचा क्रम चुकला की मूळ हरवतं

प्रश्न : आमच्या वाचनालयाकडे दशावताराची चित्रीकरणं, जत्रांचे फोटो आणि जुन्या स्मरणिकांच्या पेजमेकर (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर) फायली पेनड्राइव्ह, सीडी, हार्डडिस्कवर आल्या आहेत. काम तिघे करतो, पण प्रत्येकाची रीत निराळी. एकच कार्यपद्धती कशी बसवावी?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : आधी आज जे चालतं तेच लिहून काढा. एकाने नेहमीसारखं काम करावं, दुसऱ्याने शेजारी बसून प्रत्येक कृती टिपावी. तिघांचे कागद जुळवले की फरक दिसेल, आणि तो बहुधा क्रमात असतो.

क्रमाला फार जपा. ‘आत काय आहे बघू’ म्हणून फाइल आधी उघडली आणि चुकून सेव्ह झाली, की बदलाची तारीख गेली. म्हणून पेनड्राइव्ह आला की आवक क्रमांक द्या, त्याचा फोटो घ्या, मग राइट-ब्लॉकर (साधनावर काही लिहिलं जाऊ न देणारं उपकरण) लावूनच संगणकाला जोडा. व्हायरस तपासणीत संशयित फाइल परस्पर पुसली जाऊ नये, फक्त कळावी, अशी सेटिंग ठेवा. त्यानंतर मूळ साधनावरच प्रत्येक फायलीचा एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे मजकुरावरून निघणारा, काहीही बदललं की बदलणारा आकडा-अक्षरांचा ठसा, काढा (विंडोजमधल्या सर्टयुटिल या आज्ञेने निघतो), नक्कल करा, नकलेचा चेकसम जुळवा. चेकसम फक्त नकलेवर काढला, तर अर्धवट नक्कलही बिनचूक ठरते!

पेजमेकरच्या फायलींसोबत त्यांचे फॉन्टही मागून घ्या. ते युनिकोडपूर्व (आजची सामायिक अक्षर-संकेतप्रणाली येण्याआधीचे) असतील आणि हाताशी नसतील, तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांची गिचमीड दिसते. फॉन्ट आहेत तोवर पीडीएफ/ए (दीर्घकाळ जतनासाठीचा, फॉन्ट आतच ठेवणारा पीडीएफ प्रकार) प्रत काढा, मूळ फाइलही ठेवाच.

लेखी पद्धतीत प्रत्येक पायरीपुढे कोण करणार, कोणतं सॉफ्टवेअर, त्याची आवृत्ती आणि अडलं तर काय, हे हवं. कागदालाही आवृत्ती क्रमांक द्या आणि तो प्रत्येक संचाच्या (एका वेळी आलेल्या फायलींच्या) नोंदीत लिहा. पुढे चूक सापडली तर नेमके तेवढेच संच पुन्हा करता येतात. अडचणींची वही ठेवा, सुधारणा एका वेळी एकच करा. पद्धत नव्या माणसाच्या हाती देऊन बघा. तो जिथे विचारायला येईल, तिथे लिखाण अपुरं आहे.

आपल्या दमट हवेत सीडीला बुरशी लागते, म्हणून सीडीवरच्या फायली पावसाआधी संगणकावर उतरवून घ्या. तीन प्रती ठेवा, त्यातली एक घाटावर. पाऊस सरला की तिन्हींचे चेकसम पडताळा. एखादी प्रत बिघडली असेल तर चांगल्या प्रतीवरून ती बदला आणि वहीत तारखेसह नोंदवा.