अर्ज न करताच नकार

प्रश्न : आमचा समाज इथे मूठभर. नऊ वर्षांपूर्वी बँकेनं मला कर्ज नाकारलं, कारणही सांगितलं नाही. तेव्हापासून ती पायरी चढलो नाही. समाजातल्याच एका गृहस्थांकडून दरवर्षी १२ टक्क्यांनी उचल घेतो, बारा हप्त्यांत फेडतो. कागदपत्रांची कटकट नाही. तरी गल्ल्यात पैसा टिकत नाही. मुलगी म्हणते, ‘बाबा, तुम्हाला हिशेब कळत नाही.’ खरंच तसं आहे का?

उत्तर : मुलगी अर्धी बरोबर आहे. समजा, १२०० उचलले. वर्षाचं व्याज १४४, म्हणजे हप्ता ११२ चा : १०० मुद्दल, १२ व्याज. आता शेवटचा महिना बघा. अंगावर मुद्दल उरलं फक्त १००, व्याज मात्र तेच १२! घटत्या शिलकीवर, म्हणजे दर महिन्याला जेवढं मुद्दल उरलं तेवढ्यावरच व्याज धरून मोजलं तर हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. ‘बारा’ हा आकडा खोटा नाही, पण बँकेच्या दराशेजारी तो तसाच ठेवता येत नाही.

उरलेली अर्धी गोष्ट हिशेबाची नाही. कानेमन आणि ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं, की तेवढ्याच फायद्याच्या आनंदापेक्षा तोट्याचा सल माणसाला जास्त बोचतो. तुमचा तो एक नकार नऊ वर्षं बोचतोय. नाकारतीलच, या धास्तीनं अर्जच न करणाऱ्या चांगल्या उद्योजकांना कॉन आणि स्टोरी या अभ्यासकांनी २००३ मध्ये ‘नाउमेद कर्जदार’ म्हटलं. तुमची धास्ती हा मनाचा खेळ आहे असं मी म्हणणार नाही. अल्पसंख्यांना दुजाभाव सोसावा लागतो, आणि तो सोसलेल्याला ‘सकारात्मक राहा’ सांगणाऱ्यांचा मला राग येतो. पण नऊ वर्षांपूर्वी तुमच्याकडे दाखवायला जमाखर्च होता का? आज आहे.

आणि ‘आपला माणूस’ म्हणाल, तर मी पेशानं हिशेबनीस असून सख्ख्या चुलत्यांच्या वहीची बेरीज सात वर्षं तपासली नव्हती. लाज वाटायची. तपासली तेव्हा मी दिलेले दोन हप्ते जमाच नव्हते. लबाडी नव्हती हो, विसरले होते.

तेव्हा त्या गृहस्थांशी भांडू नका, पुढच्या उचलीआधी ‘घटत्या शिलकीवर किती पडेल?’ एवढंच विचारा. तीन वर्षांचे ताळेबंद घेऊन दोन वेगवेगळ्या बँकांत अर्ज करा. नकार आलाच तर कारण लेखी मागा. जाताना मुलीला बरोबर न्या, ती आकडे वाचेल.