२२ पेपर आणि एच-इंडेक्स १४: सिस्टिम्समधल्या मार्गदर्शकासाठी हे कमी आहे का?

तुमचा प्रश्न असा: पीएचडीसाठी ज्यांच्याकडे जायचं मनात आहे, ते ऑपरेटिंग सिस्टिम आणि स्टोरेजवर काम करतात. बारा वर्षांत त्यांचे २२ पेपर झाले आणि एच-इंडेक्स, म्हणजे पेपरांचा इतरांनी किती संदर्भ दिला यावरून काढलेला आकडा, १४ आहे. त्याच विभागात मशीन लर्निंगवाल्यांचा आकडा ४० च्या वर आहे. मग यांचं काम कच्चं समजायचं का?

या आकड्यांवरून तरी मुळीच नाही. मी याच क्षेत्रात काम करतो आणि एवढ्यावरून चांगली माणसं बाजूला पडताना पाहिली की फार वाईट वाटतं.

आमच्याकडे पेपर लिहिण्याआधी ती सिस्टिम उभी करावी लागते. माझ्या पहिल्या पेपरला तीन वर्षं लागली. त्यातली दोन कोड लिहिण्यात आणि तो मध्येच का बंद पडतो ते शोधण्यात गेली. पुढे दोनदा नकार आला आणि दर वेळी परीक्षकांनी सुचवलेली मोजमापं नव्याने घेण्यात काही महिने गेले. त्यात आमच्या दोन सर्वांत मानाच्या परिषदा, १९६७ पासूनची एसओएसपी आणि १९९४ पासूनची ओएसडीआय, कित्येक वर्षं आलटून पालटून भरत: एका वर्षी ही, पुढच्या वर्षी ती. ओएसडीआय २०२१ पासून आणि एसओएसपी २०२४ पासून दरवर्षी होऊ लागली. तुमच्या मार्गदर्शकांच्या सुरुवातीच्या वर्षांत संधीच मोजक्या होत्या.

एच-इंडेक्स ही भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी २००५ मध्ये मांडलेली कल्पना. १४ म्हणजे निदान १४ पेपर असे, की प्रत्येकाला किमान १४ सायटेशन, म्हणजे इतर पेपरांनी दिलेले संदर्भ, मिळाली आहेत. यात एखादा पेपर कितीही गाजला तरी त्याची भर एकाचीच. २००४ च्या ओएसडीआयमधल्या मॅपरिड्यूसच्या पेपरने मोठ्या डेटावर काम करायची पद्धतच बदलली आणि त्याला हजारो सायटेशन मिळाली, पण लेखकांच्या एच-इंडेक्समध्ये त्याची किंमत एक.

वेळेचंही तसंच. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी पॅक्सॉसचा, म्हणजे अनेक संगणकांनी एका निर्णयावर एकमत करण्याच्या पद्धतीचा, पेपर १९९० मध्ये पाठवला होता. तो छापून आला १९९८ मध्ये. त्या आठ वर्षांत त्यांच्या पेपरांची यादी पाहणाऱ्याला तिथे हा पेपर दिसला नसता. २०१४ मध्ये आँगारो आणि औस्टरहौट यांनी त्याच कामासाठी राफ्ट मांडलं, तेही पॅक्सॉस समजायला अवघड जातं म्हणून. त्यांनी ४३ विद्यार्थ्यांना दोन्ही शिकवून परीक्षा घेतली. ३३ जणांनी राफ्टवरचे प्रश्न जास्त चांगले सोडवले. आज अनेक मशीनवर सॉफ्टवेअर चालवणारं कुबरनेटीस माहिती साठवायला ज्या ईटीसीडीवर चालतं, त्यात राफ्टच आहे. रोज ते वापरणारे असंख्य इंजिनिअर कधीही पेपर लिहिणार नाहीत, म्हणून त्यांचा वापर सायटेशनमध्ये उतरणारही नाही.

मग पाहायचं काय? त्यांचे सर्वाधिक सायटेशन असलेले तीन पेपर घ्या आणि प्रत्येकाचा संदर्भ देणारे दहा-दहा पेपर उघडा. नाव कुठे येतं ते बघा. पूर्वीच्या कामाच्या आढाव्यात पाच-सहा जणांच्या घोळक्यात एकदाच आलं असेल, तर तो बहुतेक शिष्टाचार असतो. पण मोजमापांच्या भागात कोणी त्यांची सिस्टिम स्वतःच्या मशीनवर चालवून तिच्याशी तुलना केली असेल, किंवा त्यांच्याच कोडवर पुढचं काम उभं केलं असेल, तर असं एक सायटेशन मला घोळक्यातल्या पन्नासांपेक्षा मोलाचं वाटतं. त्यासाठी त्यांचा कोड लोकांना मिळायला हवा आणि चालायलाही हवा. तेव्हा तोही उतरवून चालवून पाहा. एक शनिवार-रविवार जाईल, जाऊ द्या.

सायटेशन मोजणारं गूगल स्कॉलर प्रीप्रिंट (छापून येण्याआधीचे मसुदे), प्रबंध सगळं धरतं आणि एकसारख्या नावांची कधीकधी गल्लतही करतं. पेपरांची यादी हवी असेल तर डीबीएलपी या संगणकशास्त्रातल्या पेपरांच्या ऑनलाइन सूचीवर बघा. जर्नलवर भर देणाऱ्या याद्यांमध्ये आमचं क्षेत्र नेहमीच किरकोळ दिसतं, कारण आमचं मुख्य काम परिषदांमध्ये छापलं जातं.

आणि लेखकांचा क्रम बघा. सैद्धांतिक संगणकशास्त्रात नावं वर्णानुक्रमे असतात, पण आमच्याकडे सहसा ज्याने सर्वाधिक काम केलं तो विद्यार्थी पहिला आणि मार्गदर्शक शेवटी. त्या २२ पैकी किती पेपरांत पहिलं नाव विद्यार्थ्याचं आहे ते मोजा. मग त्यातल्या दोघा-तिघांना ईमेल करून एवढंच विचारा, की पेपर नाकारला गेला त्या आठवड्यात मार्गदर्शक तुमच्याशी काय बोलले.